धंद्यासाठी सोशल मीडियाचं कव्हर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरगुती फराळ, साड्यांची दुकानं, कोकणातले होमस्टे, क्लास, पार्लर अशा छोट्या व्यवसायांसाठी कव्हर करून देणं हे माझं रोजचं काम. त्यात जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, कायद्याचे आणि अडचणीचे नंतर. उत्तरात दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिसला तर तो विषय तिथे सविस्तर आहे असं समजा.

१. कव्हर म्हणजे नक्की कोणता फोटो? प्रोफाइल फोटो आणि ते वेगळं कशाला?

फेसबुकवर पेज उघडल्यावर सगळ्यात वर जो रुंद, आडवा फोटो दिसतो ते कव्हर. गोलात दिसतो तो प्रोफाइल फोटो. यूट्यूबवर कव्हरला बॅनर म्हणतात, एक्सवर हेडर, काम एकच. प्रोफाइल फोटो तुमच्या प्रत्येक पोस्टबरोबर आणि कमेंटबरोबर फिरतो, म्हणून तिथे लोगो किंवा तुमचा चेहरा हवा. कव्हर मात्र बदललं त्या दिवशी पोस्ट म्हणून दिसतं तेवढंच, एरवी ते पेज सोडून कुठे जात नाही. म्हणून दोन्हीकडे एकच लोगो लावण्यात अर्थ नाही, मोठी जागा फुकट जाते.

२. कव्हर चांगलं केलं तर गिऱ्हाईक वाढतं का? खरं सांगा.

कव्हर गिऱ्हाईक आणत नाही. आलेल्या गिऱ्हाइकाला थांबवतं. कुणी तुमची रील पाहते, कुणाला शेजारीण नाव सांगते, मग ती व्यक्ती फेसबुकवर तुमचं नाव शोधते. पेज उघडल्यावर पहिल्या क्षणी तिला तीन गोष्टी कळायला हव्या असतात: आपण शोधतोय ते हेच का, हे आहे कुठे, आणि अजून चालू आहे का. कव्हरनं एवढं सांगितलं की ती खाली सरकते आणि मेसेज करते. नाही सांगितलं तर मागे फिरते, आणि ती आली होती हे तुम्हाला कळतही नाही.

नवं गिऱ्हाईक आणायला पोस्ट, रील, जाहिरात आणि तोंडी शिफारस लागते. जो कुणी ‘कव्हर बदला, विक्री दुप्पट’ असं सांगून पैसे मागतो, त्याला नाही म्हणा.

३. कव्हरवर काय काय लिहायचं?

सर्वात जास्त विचारला जाणारा प्रश्न. आधी, लोक काय लिहून पाठवतात ते सांगते. वर मधोमध गणपती आणि ‘।। श्री गणेशाय नमः ।।’. दोन्ही बाजूंना ताटांचे आठ फोटो. लाल पट्टीवर ‘आमच्या येथे सर्व प्रकारचे फराळाचे पदार्थ ऑर्डरप्रमाणे बनवून मिळतील’. त्याखाली दोन मोबाइल नंबर, कोपऱ्यात ‘प्रो. प्रा.’ आणि नाव, शेवटी ‘एक वेळ अवश्य भेट द्या’. चौकातल्या फ्लेक्सवर हे चालतं, कारण तो आठ फूट रुंद असतो. फोनवर कव्हर जेमतेम तीन बोटं उंच दिसतं आणि त्यात या आठ ताटांचे आठ ठिपके होतात.

त्याच फराळाच्या कव्हरवर एकच फोटो घ्या: अनारसा, इतका जवळून की खसखशीचा दाणा न दाणा दिसावा. बाजूला तीन छोट्या ओळी: ‘अनारसे आणि चकली, वर्षभर’, ‘डोंबिवली पूर्व’, ‘दोन दिवस आधी सांगा’. झालं. अनारसाच का? लाडू-चिवडा पुष्कळ घरी होतो, अनारसे जमणारी घरं थोडी. तुमच्याकडची जी गोष्ट दुसरीकडे सहज मिळत नाही ती कव्हरवर जाते. बाकीची यादी पोस्टमध्ये आणि कॅटलॉगमध्ये.

‘मग गिऱ्हाइकाला वाटेल आम्ही फक्त अनारसेच करतो’ ही भीती सगळ्यांना असते. ज्याला शेव हवी असते तो विचारतो. ज्याला काहीच नीट दिसत नाही तो विचारत नाही.

‘आमची कुठेही शाखा नाही’ लिहावं का, असंही बरेच जण विचारतात. तुमच्या नावानं दुसरं कुणी पेज चालवत असेल तर जरूर लिहा. नसेल तर ती जागा गावाच्या नावाला द्या.

४. साइज काय ठेवायची? कॉम्प्युटरवर बरोबर दिसतं, फोनवर कापलं जातं.

कापलं जाणारच, कारण फेसबुक एकच फोटो दोन आकारांत दाखवतं. कॉम्प्युटरवर साधारण ८२० बाय ३१२ पिक्सेल, म्हणजे लांबट पट्टी. फोनवर ६४० बाय ३६०, म्हणजे बरंच उंच. एकीकडे वरखाली कापतं, दुसरीकडे डावी-उजवीकडे.

यावर माझी रीत अशी. फाइल १६४० बाय ७२० ची करायची. डावी-उजवीकडे प्रत्येकी १८० पिक्सेल आणि वरखाली प्रत्येकी ४८ पिक्सेल सोडून द्यायचे. मधला १२८० बाय ६२४ चा भाग दोन्हीकडे दिसतो. नाव, गाव, अक्षरं, चेहरे सगळं त्याच भागात. कडेला फक्त भिंत, आकाश, साडीचा काठ असं काहीतरी, जे कापलं गेलं तरी बिघडत नाही. शिवाय फोनवर प्रोफाइलचं वर्तुळ कव्हरच्या खालच्या कडेवर चढतं, तेव्हा महत्त्वाची ओळ अगदी तळाशी नको.

यूट्यूबला कमीत कमी २०४८ बाय ११५२ लागतं आणि फाइल ६ एमबीच्या आत. पण तो पूर्ण फोटो टीव्हीवरच दिसतो, फोनवर मधली पट्टी तेवढी. अक्षरं मधल्या १२३५ बाय ३३८ मध्ये बसवा. एक्सचं हेडर १५०० बाय ५००. लिंक्डइनवर वैयक्तिक प्रोफाइलसाठी १५८४ बाय ३९६, तिथे डावीकडचा खालचा कोपरा तुमच्या फोटोखाली झाकला जातो.

या कंपन्या मांडणी अधूनमधून बदलतात. लावल्यावर एकदा स्वतःच्या आणि एकदा दुसऱ्या कुणाच्या फोनवर उघडून बघाच.

५. घरी स्पष्ट दिसतं, फेसबुकवर टाकलं की अक्षरं धूसर होतात. का?

फेसबुक फोटो दाबून लहान करतं. फोटो जेवढा मोठा आणि जड, तेवढा हा दाब जास्त. कव्हरवर अक्षरं किंवा लोगो असेल तर जेपीजीऐवजी पीएनजी फाइल टाका, हे फेसबुकच सुचवतं. नुसता फोटो असेल तर जेपीजी ठीक. ८५१ बाय ३१५ ची, १०० केबीपेक्षा हलकी फाइल सगळ्यात लवकर उघडते असंही फेसबुक सांगतं. गावाकडे नेट हळू असेल तर याचा फायदा होतो.

एक कारण सहसा कुणी सांगत नाही: लाल अक्षरं. जेपीजीत रंगाचा तपशील उजेडाच्या तपशिलापेक्षा कमी साठवला जातो, त्यामुळे हिरव्या किंवा निळ्या जमिनीवरच्या लाल अक्षरांच्या कडा फुटतात. आपल्याकडे लाल-पिवळ्याची फार आवड. जमीन लाल आणि अक्षरं पांढरी किंवा पिवळी करून बघा, लगेच फरक दिसतो.

६. मराठी अक्षरं तुटतात. वेलांटी भलतीकडे जाते, जोडाक्षर सुटतं.

डिझाइनच्या सॉफ्टवेअरला देवनागरी जोडायची सोय चालू नसली की ‘मिसळ’मधली वेलांटी म च्या पुढे जाऊन बसते आणि ‘ज्वारी’मधला ज हलन्तासकट सुटा उभा राहतो. फोटोशॉपमध्ये प्रेफरन्सेसच्या ‘टाइप’ विभागात दक्षिण आशियाई भाषांची सोय असते, ती चालू करा आणि मजकूर नव्यानं टाइप करा.

दुसरी चूक जास्त फसवी. ‘पुऱ्या’ लिहायचं असतं आणि होतं ‘पुर्या’. मराठीत इथे रफार चालत नाही, य ला चिकटलेला आडवा र लागतो. नुक्ता असलेला ऱ, मग हलन्त, मग य असं टाइप केलं की तो उमटतो. फॉन्ट जुना असेल तर कितीही खटपट केली तरी उमटत नाही, तेव्हा फॉन्टच बदला. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे ‘मुक्त’ आणि ‘बालू’ हे फॉन्ट मोफत आहेत, धंद्यासाठी वापरता येतात आणि लहान आकारातही वाचता येतात. फॉन्ट निवडताना ल आणि श कडे बघा. त्यांची हिंदी वळणाची अक्षरं मराठी पाटीवर लगेच परकी वाटतात.

छापखान्यातले जुने फॉन्ट चित्रात चालतात. पण तोच मजकूर कॉपी करून कव्हरच्या वर्णनात (प्रश्न ८) टाकला तर निरर्थक रोमन अक्षरं दिसतात. वर्णन युनिकोडमध्ये, म्हणजे फोनवर लिहितो तसं लिहा.

७. फ्लेक्सवाल्यानं केलेली फाइल तशीच लावली तर चालेल?

नाही. आकार वेगळा (प्रश्न ४), मजकूर जास्त (प्रश्न ३), आणि रंगही वेगळे. छपाईची फाइल चार शाईंच्या रंगपद्धतीत असते, ती स्क्रीनवर मळकट दिसते किंवा भडकते. डीटीपीवाल्याला सांगा, ‘आरजीबीत (स्क्रीनच्या रंगपद्धतीत) पीएनजी द्या, लोगो वेगळा द्या.’ कोरलड्रॉची मूळ फाइलही मागून ठेवा. तुम्ही पैसे दिले आहेत, आणि दोन वर्षांनी तो गाव सोडून गेला तर लोगो पहिल्यापासून करावा लागतो.

८. कव्हरवर मोबाइल नंबर टाकू का? आणि क्यूआर कोड?

चित्रातल्या नंबरवर बोट ठेवून फोन लागत नाही, गिऱ्हाइकाला तो पाठ करून किंवा कागदावर उतरवून लावावा लागतो. त्यापेक्षा पेजवर कॉलचं किंवा व्हॉट्सॲपचं बटण लावा. कव्हरवर टॅप केलं की फोटो मोठा होतो आणि त्याचं वर्णन दिसतं. त्या वर्णनात नंबर, पत्ता, वेळ आणि लिंक लिहा. ही जागा बहुतेक पेजवर रिकामी असते.

क्यूआर कोडचंही तसंच. ज्या फोनवर तो दिसतोय त्याच फोननं तो स्कॅन कसा करणार? कोड दुकानाच्या काउंटरवर लावा. बिल्डरांचा अपवाद आहे, तो प्रश्न १६ मध्ये.

‘कव्हरवर नंबर आणि भाव टाकायला बंदी आहे’ असं अजून काही जण सांगतात. २०१२ मध्ये फेसबुकचा तसा नियम होता. २०१३ मध्ये तो काढला.

९. इन्स्टाग्रामला कव्हर कुठे असतं?

नसतं. तिथे ते काम वरच्या तीन पिन केलेल्या पोस्ट, हायलाइटची गोल चित्रं आणि रीलचं कव्हर मिळून करतात. प्रोफाइलवरचे चौकोन २०२५ पासून उभे झाले आहेत, तेव्हा जुन्या चौरस पोस्टमधली अक्षरं कडेला कापली जात नाहीत ना ते बघून घ्या.

१०. व्हॉट्सॲप बिझनेस आणि गूगल मॅपवर?

व्हॉट्सॲप बिझनेसच्या प्रोफाइलला कव्हर लावता येतं, जरूर लावा. फेसबुक न वापरणारी कितीतरी गिऱ्हाइकं तिथेच येतात. गूगलवरच्या दुकानाच्या नोंदीलाही कव्हर देता येतं, पण तेच पहिलं दिसेल याची खात्री गूगल देत नाही, गिऱ्हाइकानं टाकलेला फोटोही पुढे येऊ शकतो. गूगलवर दुकानाचा दर्शनी भाग लावा, पाटीसकट. तिथे आलेला माणूस बहुतेक वेळा रस्त्यात उभा राहून दुकान शोधत असतो.

११. कव्हर किती दिवसांनी बदलायचं? प्रत्येक सणाला?

तुमचा धंदा सणाशी बांधलेला असेल तर हो, पण सणाच्या दिवशी नाही. मोदकांच्या ऑर्डरी गणपतीच्या आधी घ्यायच्या असतात, तेव्हा कव्हर दोन-तीन आठवडे आधी बदला आणि शेवटची तारीख लिहा. फराळाचं दसऱ्याला. हापूसचं गुढीपाडव्याच्या सुमाराला. तिळगुळाचं जानेवारी लागताच.

धंद्याचा सणाशी संबंध नसेल तर नुसत्या शुभेच्छांसाठी कव्हर बदलू नका, शुभेच्छा पोस्टमध्ये द्या. मार्चमध्ये दिवाळीच्या पणत्या दिसणारं पेज बंद पडलेलं वाटतं, आणि प्रश्न २ मधली तिसरी शंका तिथेच पक्की होते.

१२. गूगलवर सापडलेला फोटो वापरला तर चालतो का? आणि एआयनं बनवलेला?

गूगल फोटो शोधून देतं, मालकी देत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार भारतात प्रसिद्ध झालेल्या छायाचित्राचा हक्क ६० वर्षं टिकतो. ‘फोटोवर नाव नव्हतं’ हा बचाव होत नाही.

कायदा बाजूला ठेवला तरी उसना फोटो धंद्याला मारक. तारकर्लीच्या होमस्टेच्या कव्हरवर मालदीवचं निळं पाणी असेल तर आलेला पाहुणा पहिल्या संध्याकाळीच नाराज होतो. तुमचं सारवलेलं अंगण, माडाची सावली, पानात वाढलेली सोलकढी हाच माल आहे, तोच दाखवा. सकाळी साडेसात-आठच्या उन्हात साध्या फोननं काढलेला फोटो पुरतो. एआयच्या चित्राचंही हेच. मागची जमीन, नक्षी, रंग यांना वापरा. जो पदार्थ किंवा खोली तुम्ही विकता ती एआयनं काढलेली नको. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणारी जाहिरात हा गुन्ह्याचा विषय आहे, आणि कव्हर ही जाहिरातच.

१३. मी ब्रायडल मेकअप करते. नवरीचा फोटो कव्हरला लावू शकते ना? मेकअप तर माझाच आहे.

मेकअप तुमचा, फोटो तुमचा नाही. पैसे देऊन फोटो काढून घेतला असेल आणि वेगळा करार नसेल, तर कायद्यानं त्याचा पहिला मालक फोटो काढून घेणारा असतो. लग्नात तो म्हणजे नवरीकडचे किंवा नवऱ्याकडचे. त्यांची परवानगी घ्या, नवरीची स्वतःची तर घ्याच, आणि छायाचित्रकाराचं नाव वर्णनात द्या. परवानगी व्हॉट्सॲपवर लेखी घ्या, त्यात ‘पेजच्या कव्हरसाठी’ हे शब्द असू द्या. उद्या तिनं काढायला सांगितलं तर त्याच दिवशी काढा. क्लासच्या कव्हरवर मुलांचे चेहरे लावायचे असतील तर पालकांची लेखी संमती घ्या.

१४. शिवजयंतीला महाराजांचा फोटो आणि दुकानाचं नाव असं कव्हर करून द्याल का?

मी करून देत नाही, आणि कारण समजावून सांगते. १९५० चा बोधचिन्हं आणि नावं यांच्या अनुचित वापरावर बंदी घालणारा केंद्राचा कायदा आहे. त्याच्या अनुसूचीत छत्रपती शिवाजी महाराज, महात्मा गांधी, पंतप्रधान यांची नावं आणि चित्रं आहेत, राष्ट्रध्वजही आहे. केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय ती धंद्यासाठी वापरता येत नाहीत. महाराजांचं चित्र, शेजारी दुकानाचं नाव आणि खाली ‘२० टक्के सूट’ हा सरळसरळ धंद्यासाठी वापर झाला.

‘सगळेच करतात’ हे मला माहीत आहे. पण महाराजांच्या चित्राखाली सवलतीचा आकडा लिहायला माझा हात होत नाही, कायदा नसता तरी झाला नसता. अभिवादन करायचं तर स्वतःच्या वैयक्तिक प्रोफाइलवर, मालाचा उल्लेख न करता करा. १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीच्या तिरंग्याच्या कव्हरांनाही हाच नियम.

१५. सिनेमातल्या हिरोचा फोटो आणि डायलॉग टाकला तर? आणि ‘अस्सल देवगड हापूस’, ‘खरी पैठणी’ असे शब्द?

हिरोचा फोटो नको. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं अनिल कपूर यांच्या बाजूनं आदेश दिला. त्यांचं नाव, छबी, आवाज यांच्या परवानगीशिवायच्या व्यापारी वापराला मनाई झाली, आणि त्यांच्या ढंगातल्या ‘झकास’चाही त्यात उल्लेख आहे. तुमच्या मिसळीला झकास म्हणायला कुणी अडवत नाही. त्यांच्या चित्राशेजारी म्हणू नका.

हापूस (२०१८), पैठणी (२०१०) आणि कोल्हापुरी चप्पल (२०१९) यांना भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे ठरावीक भागातल्या मालालाच ते नाव लावता येतं. माल खरोखर त्या भागातला असेल तर गावाचं नाव अभिमानानं लिहा, बागायतदाराकडून घेतल्याची पावती जपून ठेवा. कर्नाटकातला आंबा देवगडच्या पेटीत घालून ‘अस्सल देवगड’ म्हणणं ही फसवणूक आहे, आणि त्यात देवगडच्या बागायतदाराचंही नुकसान होतं. यंत्रमागावरची साडी विकत असाल तर ‘सेमी पैठणी’ असं स्पष्ट लिहा. गिऱ्हाईक तीही घेतं, फक्त त्याला आधी कळलं पाहिजे.

१६. मी डॉक्टर आहे / वकील आहे / बिल्डर आहे. मला वेगळे नियम आहेत का?

आहेत. डॉक्टरांना २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार रुग्ण ओढण्यासाठी जाहिरात करता येत नाही. दवाखाना सुरू केला, पत्ता बदलला, रजेवर आहे अशा सूचना चालतात. कव्हरवर नाव, पदवी, वेळ, पत्ता एवढंच. ‘आधी-नंतर’चे फोटो, ‘शंभर टक्के गुण’ नको. वकिलांना बार कौन्सिलचा ३६ वा नियम जाहिरातीला मनाई करतो. २००८ मध्ये वेबसाइटवर ठरावीक माहिती द्यायची मुभा मिळाली, तेवढ्याच चौकटीत राहा.

बिल्डरांनी प्रकल्पाच्या जाहिरातीत महारेरा नोंदणी क्रमांक द्यायचा असतो आणि १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही. कोड कॉम्प्युटरच्या पडद्यावरून स्कॅन होईल एवढा मोठा, पांढऱ्या जमिनीवर आणि प्रश्न ४ मध्ये सांगितलेल्या मधल्या भागातच ठेवा, नाहीतर फोनवर अर्धा कापला जाईल.

१७. पाटी मराठीत हवी असा नियम आहे ना? मग कव्हरही मराठीतच हवं का?

तो नियम दुकानं आणि आस्थापनांच्या नामफलकांचा आहे. पेजच्या कव्हरचा त्यात उल्लेख नाही. तरी गिऱ्हाईक मराठी असेल तर मराठीतच लिहा. परदेशी पाहुणे येणारा होमस्टे असेल तर गावाचं नाव दोन्ही लिप्यांत द्या, बाकी मराठीत राहू द्या.

१८. ऑफर संपली, कव्हर बदललं, तरी गिऱ्हाईक जुन्या कव्हरचा स्क्रीनशॉट दाखवून तोच भाव मागतं. काय करू?

आधी बघा, जुनं कव्हर खरंच गेलंय का. नवं लावलं तरी जुनं ‘कव्हर फोटो’ अल्बममध्ये सगळ्यांना दिसत राहतं. तिथे जाऊन ऑफरची जुनी कव्हरं हटवा. लाइक जातील म्हणून कुणी हटवत नाही, पण त्या लाइकना आता काही किंमत नाही. हटवायचं नसेल तर निदान त्याच्या वर्णनात ‘ऑफर संपली’ लिहा.

पुढच्या वेळी ऑफरच्या ओळीतच शेवटची तारीख टाका, वर्षासकट. ‘फक्त काही दिवस’ असं लिहिलंत तर ते दिवस गिऱ्हाईक मोजतं. आणि ज्या कव्हरवर तारीखच नव्हती त्याचा स्क्रीनशॉट घेऊन कुणी समोर उभं राहिलं, तर तो भाव त्या एका वेळेपुरता द्या आणि त्याच संध्याकाळी अल्बम साफ करा.